घोटभर चहावर ठरलेला वेग

मी लेथ बोलतोय. कोकंदच्या होलमत उस्तोचा, म्हणजे होलमत उस्तादाचा, लेथ. पाळण्याची लाकडं कातायची आणि त्यांच्यावर पिळाची नक्षी कोरायची, हा माझा धंदा होता. होता म्हणतोय, कारण आता मला कुणी कामाला लावत नाही. माझी पाठ वाकली आहे असं गावभर झालंय. जो उठतो तो तेच सांगतो. तुला कसं ठाऊक म्हणून विचारलं तर म्हणतो, खुद्द उस्तो म्हणाले.

उस्तो खोटं बोलले. मला गोड बोलायची सवय नाही, म्हणून जे आहे ते तोंडावर सांगतो. ऐकायचं तर ऐका.

माझी पाठ, म्हणजे ज्यावर सगळं बसतं तो लांब पाट, तुतीची. कालव्याकाठी एक म्हातारी तुती होती, ती पडली. होलमतनं तिचं खोड घरी आणलं आणि छपराखाली ठेवून दिलं. वर्षानुवर्षं नुसतं वाळू दिलं. शेजारी विचारायचे, जाळायचं कधी. हा म्हणायचा, तुमची चूल तुम्ही बघा. लाकूड मनापासून वाळलं की मग हलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा तो तरुण होता आणि त्याच्या शब्दाला वजन नव्हतं, त्यामुळे त्याला खरं बोलणं परवडायचं.

रंधा मारताना खोड हलू नये म्हणून त्यानं आपल्या बायकोला, कुमरीला, त्याच्यावर बसवलं होतं.

"हलू नकोस. पाठ वाकडी झाली तर सगळ्यांना सांगेन, तुझ्यामुळे झाली."

"सांगा. माझ्यावर नाही ढकलणार तर कुणावर? दुसरं आहे कोण तुमच्याकडे?"

दोघं हसले. मीही त्याला विनोदच समजलो होतो.

पुढे रेशमाचा कारखाना बंद पडला आणि तिथल्या मोटरी भंगारात निघाल्या. त्यातली एक होलमतनं माझ्यासाठी उचलली. काळी, जड, हळू चालीची. रेशमाचा तंतू तुटू नये म्हणून जन्मभर सांभाळून फिरलेली बाई ती. तिला घाई म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. आमचं जमलं. मोटर फिरायची, पट्टा तिची चाल माझ्यापर्यंत आणायचा आणि माझ्या दोन टोकांमध्ये अडकवलेलं लाकूड गरगरायला लागायचं. होलमत पटाशी टेकवायचा. भुशाची लांब लांब वेटोळी त्याच्या दाढीत अडकायची.

आता वेगाचं सांगतो, कारण माझं वाटोळं वेगावरून झालं.

माझ्या पुलीला तीन पायऱ्या होत्या. पट्टा ज्या पायरीवर चढवाल तसा लाकडाला वेग. होलमतला आकडे कळत नव्हते असं नाही, पण आकड्यांवर त्याचा जीव नव्हता. त्यानं तिन्ही पायऱ्यांना नावं दिली होती. उंट, गाढव आणि घोडा. जाड ओंडका आला की उंट, कारण जाड लाकडाची कड मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त पळते आणि पटाशी हिसकावून घेते. पाळण्याचे पाय आले की गाढव. छोटी बोंडं, मणी, मुठी आल्या की घोडा. रंग चढवायलाही घोडाच लागायचा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घासून घासून ती तापते, वितळते आणि लाकडावर लाल पिवळे पट्टे उमटतात. उंटावर लाख वितळत नाही, नुसती ओरखडे काढते.

पिळाच्या नक्षीची गोष्ट वेगळी. दोर वळल्यासारखा पीळ लाकडात कोरायचा तर लाकूड मोटरवर ठेवायचंच नाही. पट्टा काढायचा आणि हातानं चाक फिरवायचं, सकाळी नमाजानंतर म्हातारे मण्यांची माळ ओढतात तसं. आणि कोरणारा छोटा कटर मात्र वेगळ्या बारक्या मोटरवर, माशीसारखा भुणभुणत. लाकूड जितकं हळू तितका कटर जलद. कटर मंद पडला तर तंतू उपटतो. लाकूड एका जागी थांबलं तर कटर तिथेच घासत बसतो आणि जाळतो. जर्दाळूचं लाकूड जळायला लागलं की मुरंब्याचा वास यायचा. तो वास आला की कुमरी आतून ओरडायची, "लाकूड करपलं की काय?" आणि होलमत म्हणायचा, "तुझं नाक चुलीजवळ ठेव."

पण सगळ्यात अवघड पाळण्याचा वरचा दांडा. आमच्याकडचा पाळणा टांगायचा नसतो, जमिनीवर डुलतो. दोन्ही बाजूंना कमानी आणि त्यांना जोडणारा एक लांब दांडा वरून. आया बाळाला पाळण्यातून न काढता पाजतात. त्या दांड्यावर काखेचा भार टाकायचा, वाकायचं आणि बाळाच्या तोंडाशी जायचं. म्हणजे तो दांडा आईचं ओझं पेलणारा असतो. तो लांब असतो आणि बारीक असतो, आणि लांब बारीक लाकूड वेगात फिरवलं की मधोमध फोक मारायला लागतं, दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखं. म्हणून बारीक असला तरी दांड्याला उंट. नवशिके इथेच फसतात. बारीक दिसतंय ना, मग घोडा लावा. मग फाडकन मोडतं.

उंट की गाढव अशी शंका आली तर होलमतची एक रीत होती. आपला चहाचा प्याला भरून माझ्या पाठीवर ठेवायचा. एकटा काम करणारा माणूस आपला चहा आपण ओततो, चांगला वरपर्यंत. मग मोटर चालू करायची आणि चहाकडे बघायचं. चहावर मधोमध बारीक वळी उठली आणि तिथेच राहिली तर वेग बरोबर. चहा काठाकडे पळायला लागला तर लाकूड फोक मारतंय, पट्टा खालच्या पायरीवर घे. माझ्या अंगात जी थरथर माणसाच्या हाताला कळत नाही ती चहाला कळायची. मी मुका, चहा माझी जीभ. होलमत माझ्याशी असा बोलायचा आणि मी उत्तर द्यायचो. कितीतरी वर्षं. एकदाही मी त्याला चुकीचं सांगितलं नाही.

त्याच्या पाळण्यांना लांबून गिऱ्हाइक यायचं. लेकीचे बाप यायचे, कारण पहिलं बाळ झालं की पाळणा आईच्या माहेरानं न्यायचा असतो. बाप मोठे मजेशीर असतात. लग्नात चार गोष्टींवर घासाघीस केलेली असते, पण पाळणा बघताना डोळे पाणावतात आणि दांड्यावर हात फिरवत उभे राहतात. कुणी पोर येऊन रिकामा पाळणा हलवायला लागलं की म्हाताऱ्या बायका त्याच्या हातावर चापट मारतात. रिकामा पाळणा हलवणं वाईट. पाळण्याचं काही मोडणं तर त्याहून वाईट. हे लक्षात ठेवा.

मग होलमतची लेक ओयदिन, तिचे दिवस भरत आले.

तिचा सासरा होजिअकबर. बाजारात त्याचं मोटरींचं, पंपांचं दुकान. माणूस वाईट नाही, पण ज्याच्या दुकानात मोटरी असतात त्याला सगळ्या जगाला मोटर हवी आहे असं वाटतं. एके दिवशी तो हातगाडीवर एक खोकं घेऊन आला. होलमतनं उठून त्याचे दोन्ही हात हातात घेतले. गादी घातली, जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं, नान आली, मनुका आल्या. खोक्यातून नवी मोटर निघाली. निळी, चकचकीत. तिला एक चकती होती, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी, भोवती आकडे. चकती फिरवा, वेग वाढतो. पट्टा बदलायला नको, पायऱ्या नकोत.

"व्याहीबुवा, नातवाचा पाळणा यावर झाला पाहिजे," होजिअकबर म्हणाला. "तुमची ती काळी म्हातारी आता बसू दे उन्हात."

"एवढं कशाला केलंत."

"कशाला म्हणजे? उद्या चारचौघांत सांगायला नको का, आजोबानं पाळणा केला आणि दुसऱ्या आजोबानं मोटर दिली?"

व्याह्यानं दिलेली वस्तू परत करता येत नाही. होलमतनं काळ्या मोटरीला माझ्यावरून उतरवलं आणि निळी बसवली. बसवताना त्यानं हळूच विचारलं, "यात उंट कुठला?"

"काय कुठला?"

"म्हणजे, अगदी हळू."

"हळूसाठी एवढी मोटर आणतात होय? आकड्यांत उंट नसतो, उस्तो. फिरवत जायचं. जिथे बरं वाटेल तिथे थांबायचं."

होलमत हसला. मी त्याचं हसणं ओळखतो, ते लाजेचं होतं. मनातलं विचारून घ्यायचं सोडून तो म्हणाला, "थांबा, मला माझी रीत आहे." आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता प्याला ठेवेल, मी सांगेन, हा ऐकेल.

दांडा माझ्या टोकांमध्ये लावलेलाच होता. तुतीचा, सरळ रेषांचा, त्यानं खास लेकीसाठी राखून ठेवलेला. होजिअकबरला बघायचं होतं म्हणून त्याच्यासाठी स्टूल आणलं. कुमरी चहा घेऊन आली. तिनं पाहुण्याच्या प्याल्यात ओतला आणि नवऱ्याच्या प्याल्यात ओतला. पाहुण्याला चहा कसा ओततात ठाऊक आहे? घोटभर. तळ झाकेल इतकाच. म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल, आपण पुन्हा पुन्हा उठू, आपल्याला त्याचं बसणं जड नाही असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. आणि पाहुण्याला घोटभर ओतून नवऱ्याला भरून ओतायचा, हे कुमरीसारखी बाई कसं करेल. दोघांच्या प्याल्यात सारखाच घोट.

होलमतनं आपला प्याला उचलून माझ्या पाठीवर ठेवला.

अरे बाबा, घोटभर चहा कशाला हलतोय. तळाला चिकटून बसलेला चहा म्हणजे मुक्याच्या तोंडावर ठेवलेला हात. मी थरथरून सांगत होतो आणि माझं सांगणं प्याल्याच्या भिंतीतच राहत होतं. होलमतनं चकती थोडी फिरवली. चहा निवांत. आणखी फिरवली. चहा निवांत. त्यानं एकदा कपाळावर आठी घातली, कारण हातातल्या पटाशीला काहीतरी लागत होतं. पण होजिअकबर शेजारी बसून म्हणाला, "तुमचा चहा तर झोपलाय, उस्तो. वाढवा की. का भीती वाटते?"

"भीती कसली."

त्यानं वाढवलं. मी उंटाच्या पुढे गेलो, गाढवाच्या पुढे गेलो, घोडासुद्धा मागे राहिला. दांडा मधोमध फुगल्यासारखा दिसायला लागला, दोन दोन दांडे दिसायला लागले. तो फोक मारत होता. माझी टोकं किंचाळत होती. होलमत प्याल्याकडे बघत होता.

मग फाडकन.

अर्धा दांडा चहाच्या किटलीवर गेला, किटलीचे तुकडे. उरलेला अर्धा होजिअकबरच्या डोक्यावरून गेला आणि त्याची टोपी घेऊन भुशात पडला. टोपी गेली, डोकं राहिलं. केसालाही धक्का नाही. माझ्या पाठीवरचा प्याला मात्र होता तिथेच होता. त्या घोटभर चहाला काही झालं नाही.

होजिअकबर उठला, भुशातून टोपी काढली, झटकली आणि घातली. मग मोडक्या दांड्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "माझ्या नातवाचा दांडा मोडला."

अजून जन्मायचं बाळ आणि त्याच्या पाळण्याचा दांडा मोडला. आतल्या दारात कुमरीनं छातीवर हात ठेवला होता.

आता कुणाचं नाव घ्यायचं? व्याह्याचं घेता येत नाही. व्याह्याच्या मोटरीचं तर नाहीच. चहाचं घेतलं तर घरच्या बाईनं पाहुण्याचा मान राखला ती चूक ठरते. राहिला स्वतः होलमत. आख्ख्या कोकंदमध्ये पाळणा म्हटलं की त्याचं नाव, आणि लेकीच्या सासऱ्यासमोर त्यानं म्हणायचं, वेग माझा चुकला. त्यानं प्याल्यात वाकून बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. त्याला तळ दिसला आणि सगळं कळलं.

मग त्यानं हात उचलून माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "याची पाठ वाकली आहे, व्याहीबुवा. म्हातारा झालाय. मला कधीचा संशय होता. मोटर तुमची उत्तम. यालाच झेपली नाही."

"असं होय. मग वाकड्या लेथवर नातवाचा दांडा लावलात कशाला?"

"चुकलं माझं, ओळखायला हवं होतं. आता याच्यावर पाळणा नाही. मर्गिलानला माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे नवी लोखंडी मशीन आहे. तिथे करून आणतो."

चुकलं माझं म्हणाला तो. पण काय चुकलं म्हणाला, बघितलंत ना. माझ्यावर विश्वास ठेवला हे चुकलं म्हणाला.

पाहुणा गेला. कुमरी तुकडे वेचायला आली.

"पाठ कधी वाकली म्हणे?"

"वाकली."

"काल तर याच्यावर पीळ कोरलात. केसासारखा आला म्हणून मला बोलावून दाखवलात."

"कुमरी, गप्प बस."

"माझा चहा म्हणा की मग. कमी ओतला, असं म्हणा."

"काय म्हणू? व्याह्याला काठोकाठ ओतायला हवा होता म्हणू? चहा प्या आणि चालते व्हा?"

"मग तुम्ही तरी तुमचा भरून घ्यायचा."

"पाहुण्याच्या पुढ्यात भरलेला प्याला घेऊन बसू? काय माणूस म्हणतील मला?"

कुमरीनं किटलीचा कान उचलला आणि पदरात टाकला. "आता काय म्हणतील ते म्हणणार नाहीत," ती म्हणाली. "याला म्हणतील."

आता पुढची ऐका. मर्गिलानला त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. लोखंडी मशीनही नव्हती. ओयदिनचे दिवस भरले होते, तिला कधीही कळा येतील अशी वेळ, आणि दांड्यावाचून पाळणा अर्धवट. होलमतनं शेजाऱ्यांना सांगितलं, मी मर्गिलानला चाललो. पिशवी घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडला आणि बागेच्या बाजूनं आत आला. अंगणाच्या फाटकाला कडी घातली. निळी मोटर उतरवली. कोपऱ्यातून काळी मोटर ओढत आणली आणि मला जोडली.

"कुमरी, बाहेर गाद्या घेऊन बस आणि काठीनं झोडप."

"गाद्या परवाच झोडपल्या."

"पुन्हा झोडप. आवाज बाहेर जायला नको."

"म्हणजे मर्गिलानला गेलेला नवरा घरात घरघरतोय आणि मी धुळीशी मारामारी करतेय. बरं दिसतं हे."

पण ती बसली. ती गाद्या झोडपत होती आणि आत मी दांडा कातत होतो. होलमतनं आपला चहा आपण ओतला, भरून. पट्टा उंटावर. चहावर मधोमध बारीक वळी उठली आणि तिथेच राहिली. त्यानं ती बघितली. पुष्कळ वेळ बघितली. पाठ वाकलेली असती तर ती वळी तशी उठली असती का? तो काही मूर्ख नव्हता.

तेव्हा मला वाटलं, याला आता कळून चुकलंय, आता हा सांगेल. म्हणून मी जे काम केलं ते जन्मात केलं नव्हतं. दांडा असा उतरला की पटाशीची खूण नाही. मग पट्टा काढला आणि दोन्ही टोकांना पीळ कोरला. होलमत हातानं चाक फिरवत होता, इतका हळू की त्याचा श्वास आणि माझं चाक एका चालीत आले. कटर भुणभुणत होता, कुठे उपटणं नाही, कुठे करपणं नाही. शेवटी त्यानं दांडा सोडवला, आपल्या काखेत घेतला आणि त्याच्यावर वाकून बघितलं, बाई वाकते तसं. मग तो दांडा त्यानं कापडात गुंडाळला. मला त्यानं पुसलंसुद्धा. रोज पुसतो तसं.

ओयदिनला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. पाळणा वाजतगाजत गेला. मी गेलो नाही, लेथ कुठे जातात. पण संध्याकाळी होलमत आणि कुमरी परत आले आणि अंगणात बसून बोलले, ते मी ऐकलं.

"होजिअकबरनं सगळ्यांना दांडा दाखवला," कुमरी म्हणाली. "म्हणाला, बघा, नवी मशीन ती नवी मशीन. ह्यांच्या त्या जुन्या खटाऱ्यावर हे झालं असतं का?"

"हूं."

"तुम्ही तिथे मान डोलावलीत."

"मग काय करायचं होतं? सणाच्या दिवशी भांडायचं?"

"मी काही म्हणत नाही. तुम्ही मान डोलावलीत एवढंच म्हणते."

माझं सगळ्यात चांगलं काम नसलेल्या मशीनच्या नावावर गेलं. त्या दांड्यावर ओयदिन रोज काख टेकवते आणि बाळाला पाजते. तो दांडा माझा आहे हे तिला ठाऊक नाही.

एकदा बोललेलं खोटं घरात वावरायला जागा मागतं. होजिअकबर पुन्हा आला आणि मला बघून म्हणाला, "हा अजून आहे का इथे? कुणाला तरी लागेल, उस्तो." होलमत म्हणाला, काढायचाच आहे. आणि काढला. मी नजरेसमोर राहिलो असतो तर त्याला रोज त्या खोट्याकडे बघावं लागलं असतं. त्यानं शेरमतला बोलावलं. शेरमत लग्नाच्या हॉलमध्ये पुलाव करणारा आचारी. त्याला मागच्या पडवीत काहीतरी भक्कम टेबल हवं होतं.

"घेऊन जा," होलमत म्हणाला. "पण याच्यावर काही कातू नकोस. पाठ वाकली आहे."

"मला काय कातायचंय, उस्तो. मला परात ठेवायचीये."

काळी मोटरही शेरमतनंच नेली. तिला त्यानं गाजर कापायच्या यंत्राला जोडलं. ती माझ्या शेजारीच फिरते, आपल्या चालीनं. लग्नाच्या दिवशी डोंगरभर गाजरं लागतात. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. काय बोलायचं?

शेरमत माणूस बरा आहे. शिव्या देतो, पण प्रत्येकाला सारख्या देतो. माझ्यावर तो तांदळाची परात ठेवतो, कांदे ठेवतो, कधी दमला की स्वतः टेकतो. एकदा म्हणाला, "लेका, तू तर हलत नाहीस. पाठ वाकलेलं टेबल डुगडुगतं, माझ्या स्वयंपाकघरातलं डुगडुगतं. तू का डुगडुगत नाहीस?" मी मनात म्हटलं, शाबास. मग त्यानं स्वतःच उत्तर दिलं, "उस्तो म्हणाले म्हणजे कुठेतरी वाकली असणार. आपल्याला काय कळतंय." आणि कांदे चिरायला लागला.

या वसंतात बेशारिकहून एक माणूस आला. जोराबोय नाव. तो पाळणेच करतो, त्याचा लेथ जळून गेला होता आणि आचाऱ्याकडे एक जुना लेथ पडून आहे असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. हॉलमध्ये त्या दिवशी लग्न होतं. तो पडवीत आला, गाजरांची टोपली उचलून खाली ठेवली, बाहीनं माझी पाठ पुसली आणि वाकून एका डोळ्यानं बघितलं. मला कुणी असं बघून फार दिवस झाले होते. माझी टोकं त्यानं बोटानं फिरवली. पुलीच्या तीन पायऱ्यांवर अंगठा फिरवला.

"काय सुरेख पायऱ्या काढल्यात," तो म्हणाला. "कुणाचा हा?"

"होलमत उस्तोंचा," शेरमत म्हणाला. "पण पाठ वाकली आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात. ते बघ, तिथेच बसलेत, पुलाव खातायत. विचार."

जोराबोयनं खिशातून दोऱ्याची गुंडाळी काढली. दोरा ताणला की खरं खोटं तिथल्या तिथे कळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत धरायचा, मध्ये फट दिसली तर वाकडा, नाही दिसली तर सरळ. यात शहाणपण लागत नाही, दोन हात लागतात. त्यानं एक टोक शेरमतच्या हातात दिलंसुद्धा. पण त्याआधी शेरमतनं हाक मारली होती, "उस्तो, जरा येता का?" आणि होलमत उठून आला. त्याच्यामागे होजिअकबरही आला, दात कोरत.

होलमतनं मला बघितलं. तो म्हातारा झाला होता. दाढीत भुसा नव्हता.

"हा घेऊ का, उस्तो?" जोराबोयनं विचारलं. "माझी मोटर हळू चालीची आहे. तुमच्या उंटाचं ऐकलंय, दांडे तसेच चालवतो मी. आमच्याकडे गोगलगाय म्हणतात, पण तेच ते. तुम्ही हो म्हणालात तर आजच नेतो. माझ्या लेकीलाही दिवस आहेत, तिच्याच पाळण्याला लावतो."

एक शब्द. एवढंच मागत होता तो. हो, सरळ आहे. किंवा, बघ बाबा ताणून. किंवा नुसतं गप्प बसला असता तरी चाललं असतं, दोऱ्यानं सांगितलं असतं. माझ्या अंगात थरथर नव्हती, मोटर नव्हती, पण मी थरथरलोच.

होलमतनं आधी होजिअकबरकडे बघितलं. मग जोराबोयकडे.

"नको रे बाळा," तो म्हणाला. "पाठ वाकली आहे याची. लेकीचा पाळणा म्हणतोस, उगीच काही मोडलं बिडलं तर."

"आमचं मोडलं होतं ना," होजिअकबर म्हणाला. "माझी टोपी घेऊन गेला हा. उस्तोंनी वेळेवर ओळखलं म्हणून बरं."

आवाज किती प्रेमळ होता होलमतचा. तेच मला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं.

दोऱ्याचं एक टोक शेरमतच्या हातात, दुसरं जोराबोयच्या हातात, मध्ये मी. नुसता हात खाली करायचा होता. पण पांढऱ्या दाढीचा उस्तो समोर उभा असताना, त्यानं सांगितल्यावर दोरा ताणायचा म्हणजे तोंडावर म्हणायचं की तुम्ही खोटं बोलता. कोकंदमध्ये काय, बेशारिकमध्येसुद्धा हे कुणी करत नाही. जोराबोयनं शेरमतच्या हातातून टोक घेतलं. बोटांभोवती दोरा गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग उजवा हात छातीवर ठेवून म्हणाला, "उपकार झाले, उस्तो. तुम्ही होतात म्हणून वाचलो."

"चल, पुलाव खा," होलमत म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन गेला.

मला राग होजिअकबरचा नाही. त्याला काय माहीत. कुमरीचा नाही, तिनं तिच्या परीनं बोलून बघितलं. जोराबोयचा थोडा आहे, पण तो परका माणूस. राग त्याचा, ज्यानं मला घडवलं. त्याला माझं आतबाहेर ठाऊक होतं आणि तरी त्यानं दोनदा, एकदा घाबरून आणि एकदा अगदी शांतपणे, माझी पाठ मोडली.

मी अजून इथेच आहे, शेरमतच्या पडवीत. लाकूड अजून सडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी इकडे लग्नाला आलात तर पुलाव खाऊन झाल्यावर पाच मिनिटं मागे या. कांदे बाजूला करा आणि येताना दोरा आणा. आणि म्हातारा समोर बसला असेल तरी ताणा.